टोलीचं मीठ

भागरथा, मरायच्या आदल्या दिवशी आपण दोघांनी बांधीत लाखोरीची भाजी खुडली. धान कापून झालं होतं आणि धसकटांच्या मधातून लाखोरी वर आली होती, कोवळी. तू धुऱ्यावर बसलीस. वाकणं तुझ्याच्यानं होत नव्हतं. वाकलीस की गळ्यातला गोळा श्वासाच्या वाटेत यायचा आणि शिट्टी वाजायची. म्हणून मी शेंडे तोडून तुझ्या पदरात टाकत होतो आणि तू बसल्या जागी पाटीलकी करत होतीस.

"जून पानं कायले तोडता जी? बैलाले रांधून राहिलो का आपण?"

"मग ये ना तू. तोड."

"आली असती त दोन हातानं तोडली असती. तुमचा एक हात त बिडीलेच लागते."

घरी येऊन तू भाजी रांधलीस, भात वाढलास. पहिला घास घेतला आणि मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

"मीठ बराबर आहे. जीभ म्हातारी झाली तुमची."

"टोलीचं मीठ असतं त लागलं असतं जिभेले."

तू मिठाचं गाडगं उचललंस, माझ्या ताटाजवळ आपटून ठेवलंस आणि चुलीकडे तोंड करून जेवलीस. आपलं शेवटचं बोलणं हे असं. म्हटलं त्याचं मला वाईट वाटत नाही. खरंच होतं ते. तू उत्तर दिलं असतंस तर मी आणखी चार गोष्टी सुनावल्या असत्या. ह्या मिठावरून आपण इतकी वर्षं भांडलो आणि भांडण अर्धं टाकून तू निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी सपरीत उन्हाला बसली होतीस, भिंतीला पाठ टेकून, सुपात उरलेली भाजी घेऊन. शिट्टी ऐकू येईना म्हणून मी वळून पाहिलं. एवढंच.

बाया जमल्या. म्हणाल्या, अहेव गेली, कपाळाचं कुंकू घेऊन गेली, भाग्याची बाई. तुला हळद लावताना त्यांचे हात गळ्यापाशी येऊन थांबत होते, त्या गोळ्याला हात लावायला भीत होते, आणि तोंडानं भाग्य भाग्य चाललं होतं. मी म्हटलं, भाग्य असलं तर अर्धं तुम्ही घेऊन जा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ह्या माणसाले मयतीतही बोलता येत नाही."

आपल्या इकडे घेगा हा रोग आहे हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. केस पांढरे होतात, दात पडतात, तसा बाईचा गळा फुगतो, एवढंच आपल्याला ठाऊक. तुला पाहायला आलो तेव्हा माझी माय म्हणाली होती, "पोरीचा गळा भरला आहे. खात्यापित्या घरची दिसते." ज्या बाईचा गळा फुगत नाही तिला आपण बगळी म्हणायचो. स्वराज्य आलं, मागून काही वर्षांनी गावात जीप आली, आणि तिच्यातून नागपूरचा तो चष्म्याचा डॉक्टर उतरला. तेव्हा रखमा, माझी बहीण, तुझ्या कानाशी लागून पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाह्य व वयनी, ह्याले गळाच नाही. सदऱ्यात मुंडकं खोचून देलं." तू इतकी हसलीस की ठसका लागला. डॉक्टरानं तो ठसका ऐकला. तेव्हापासून त्याची नजर तुझ्या गळ्यावर होती.

शाळेच्या पडवीत त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं. गळ्यात सगळ्यांच्याच एक ग्रंथी असते, तिच्यातून अंगाला लागणारा रस सुटतो. त्यासाठी तिला आयोडीन नावाची वस्तू लागते. इथल्या मातीत, पाण्यात ती पुरेशी नाही. मग ती ग्रंथी मोठी मोठी होत जाते.

आम्ही गडी माणसं माना हलवून राहिलो होतो. समजलं कोणालाच नव्हतं. तू मागून विचारलंस, "म्हंजे उपाशी बैलाचं पोट फुगते, तसं?"

डॉक्टर चष्मा काढून तुझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "अगदी तसंच, बाई."

मग तो म्हणाला की गरोदरपणी आईला ती वस्तू मिळाली नाही तर पोटातल्या लेकराला मिळत नाही. लेकरू बहिरं निघतं, मंद निघतं. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी तुझ्याकडे. आपल्या शेवंताचा पहिला पोरगा, धनू. मागून पितळी पडली तरी मान वळवत नाही. तिकडे अर्जुनीकडे सासरचे लोक म्हणायचे, पोरीच्या माहेरचं दैवत कोपलं. तीन देवांना कोंबडे कापून झाले होते. आणि हा माणूस म्हणतो, मीठ.

तो दिवस मी अजून विसरलो नाही. तू घरी येऊन चूल पेटवली नाहीस. मग म्हणालीस, "आपण उगाच शेवंताले बोल लावला जी."

डॉक्टराच्या माणसांचं काम असं होतं. तलावाच्या पाळीच्या, त्या मातीच्या बांधाच्या, इकडे गाव, तिकडे टोली, गावाचीच धाकटी वस्ती. माणसं एकाच जातीकुळीची, पाणी एकच, तांदूळ एकच. एका बाजूला आयोडीन घातलेलं मीठ द्यायचं, दुसऱ्या बाजूला साधं. लाल सुतळीची पोती टोलीत, पांढऱ्या सुतळीची गावात. औषध कोणत्या पोत्यात आहे ते सांगायचं नाही. दरसाल फागुनात येऊन गळ्यांची मापं घ्यायची आणि बघायचं कुठले गळे उतरले. मीठ फुकट होतं म्हणून गडी माणसं लगेच हो म्हणाली. बाया हो म्हणेनात. परका माणूस मागं उभा राहून दोन्ही हातांनी गळा चाचपणार, गिळा म्हणणार, वरून फीत लावणार. कोण तयार होईल?

तू उठलीस. पदर मागे सारलास, गळ्यातली पोत वर उचललीस आणि बाकावर जाऊन बसलीस. "घ्या जी माप. माहा गळा सगळ्यात मोठा आहे. हा मोजला का बाकीच्यांचे काय, वांगी आहेत."

बाया हसल्या आणि रांगेत आल्या. मला लाज वाटली होती तेव्हा, आणि रागही आला होता. आज लिहिताना वाटतं, तुझ्यासारखी बाई त्या दिवशी सगळ्या जिल्ह्यात नसेल. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगून उपयोग नाही, तरी लिहून टाकतो.

दुसऱ्या फेरीला त्यांनी लघवीच्या बाटल्या वाटल्या. ते आठवतं का? रखमा म्हणाली, "मीठ देऊन मूत घेते, कोणता व्यापारी आहे हा?" म्हातारा देवाजी तर लाजून शेजाऱ्याची बाटली अर्धी मागायला गेला होता. तू त्याला शाळेसमोर उभा करून झापलंस, "बुढ्या, तुह्या घेग्याचा हिशेब त्याच्या मुतात कसा सापडन?"

पण पहिल्या सालचं सगळं काम मातीत गेलं. त्यात कोणाचा खोटेपणा नव्हता. आपली रीतच तशी. घरचं मीठ सरलं की बाई शेजारी कटोरा घेऊन जाते. उसनं मीठ परत द्यायचं तर शीग लावून द्यायचं, आणलं त्याच्यापेक्षा चिमूटभर जास्त. कोणाचं मीठ डोक्यावर ठेवून मरायचं नाही. आणि लग्न निघालं की घराघरातून मीठ गोळा होऊन रांधणीत जातं, गावचंही आणि टोलीचंही, कारण सगळ्यांचं मीठ पडल्याशिवाय सगळ्यांचा जेव झाला असं आपण मानतच नाही. त्या उन्हाळ्यात लग्नं फार झाली. फागुनात डॉक्टर आला, त्यानं मापं घेतली, आणि पाहतो तर कुठल्याच बाजूचं काही कळेना. मग त्यानं खोदून खोदून विचारलं. टोलीत दिलेल्या रखमानं भोळेपणानं सगळं सांगितलं, कोणाच्या घरून कोणाच्या घरी कटोरे जातात ते.

तो बाकावर बसून राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, आम्हीही ओरडलो असतो. फक्त म्हणाला, "चूक माझी आहे. मी हे विचारलंच नाही." मग तुझ्याकडे वळला. "बाई, एक विनंती आहे. काही वर्षं पाळीवरून मीठ इकडे-तिकडे जायला नको. काम निभावलं तर सरकारला दाखवता येईल, आणि मग सगळ्या मुलखाला औषधाचं मीठ देता येईल. तुमचं बाया ऐकतात. तुम्ही लक्ष ठेवाल का?"

तू म्हणालीस, "ठेवीन."

त्या एका शब्दानं माझ्या घराचा सत्यानाश केला, भागरथा. मी असंच म्हणणार.

तू दारोदार गेलीस. गावची बाई टोलीत मीठ मागायला जाणार नाही, टोलीची गावात येणार नाही. लग्नातलं मीठ बाजारातून वेगळं आणायचं. लोक तुला मिठाची पाटलीण म्हणायला लागले. पाळीवर कोणी कटोरा घेऊन दिसली की पोरं ओरडायची, "पाटलीण आली, पाटलीण आली!" रखमाची आणि तुझी त्या पायी दोन महिने बोली बंद होती, कारण तिच्या पोराच्या बारशाला तू आपल्या घरचं मीठ नेऊ दिलं नाहीस. माझी बहीण दारात येऊन म्हणाली, "भाच्याच्या बारशाले मामाच्या घरचं मीठ नाही, असं कुठं आयकलं का, दादा?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "गूळ घेऊन जा. गुळावर डॉक्टरचं काही नाही."

पुढच्या दोन फागुनांत आंधळ्यालाही दिसलं असतं. टोलीच्या पोरींचे गळे उतरले. रखमाची मधली लेक, जिच्या गळ्यावर लिंबाएवढा गोळा होता, तिचा गळा सपाट झाला. गावच्या पोरींचे होते तसेच. डॉक्टरानं तोंड उघडलं नाही, पण लाल सुतळीत काय आणि पांढऱ्या सुतळीत काय हे आता शेरड्यांनाही कळलं होतं. आणि तुझा गळा वाढतच होता. आवाज घोगरा झाला. आडवं निजता येईना, तू धानाच्या कोठीला टेकून बसल्या बसल्या झोप काढायचीस. भाकरीचा घास उतरेना, भात पातळ करून घ्यायचीस.

तेव्हा आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, पाळीपलीकडे माझी सख्खी बहीण राहते, तिच्या घरी चांगलं मीठ आहे, एक कटोरा आण.

"नाही."

"कोणाले दिसते?"

"मले दिसते."

"गळा तुहा दाबून राहिला, डॉक्टरचा नाही."

"एका घरानं केलं का सारं गाव करते. मंग त्याचं काम पुन्हा पान्यात. मंग सरकार म्हणन, कायचं मीठ न कायचं काय. शेवंतासारख्या किती पोरी आहेत जी, मुलखात?"

"मुलखाच्या पोरींचा बाप आहो काय मी?"

तू नुसती माझ्याकडे पाहायचीस, अन् मला अजून राग यायचा.

मी डॉक्टरालाच गाठलं. पाळीवर जीप उभी होती. मी म्हटलं, "साहेब, माह्या बायकोले टोलीचं मीठ द्या."

त्यानं आधी इकडे-तिकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा, खरं सांगतो. इतका जुना गोळा मिठानं जात नाही. मीठ लेकरांसाठी आहे, पुढच्यांसाठी. यांना नागपूरला न्या. शस्त्रक्रिया करावी लागेल."

"मंग तिचं माप कायले घेता दरसाल?"

"न देता काय होतं, तेही बघावं लागतं."

"न देता काय होते हे तुमाले ठाऊक नव्हतं? मले विचारायचं होतं. मी सांगितलं असतं."

माणूस वाईट नव्हता. पण त्यानं मान खाली घातली ती पाहून मला काही मिळालं नाही. माझ्या घरात मिठाचं तेच गाडगं होतं आणि त्यात तेच मीठ. आणि जुना गोळा मिठानं उतरतच नाही हे खरं की खोटं, मला कळायला मार्ग नाही. डॉक्टर म्हणतो म्हणून खरं धरायचं. खरं नसेल तर मी कुठं जाऊ?

नागपूरचं तुला सांगितलं. तू म्हणालीस, "जाऊ ना. शेवटचं माप होऊ द्या. आता कापला त माप कायचं घेतीन?" मी ताट भिरकावलं होतं त्या दिवशी. तू भात गोळा करून बैलाला घातलास.

एवढी हट्टी बाई मी पाहिली नाही. पण त्याच हट्टानं तू मला वाचवलंस हेही खोटं नाही. मला हिवतापानं धरलं होतं त्या साली, रोवणीच्या ऐन वेळी. तूच गळ्यातला गोळा घेऊन चिखलात वाकत होतीस, अख्खी रोवणी तू ओढलीस. तेव्हा तुझ्या हट्टाला मी नाव ठेवलं नाही. माणूस असाच असतो. आपल्या कामाचा हट्ट गोड लागतो.

मग शेवंताला पुन्हा दिवस गेले.

ती माहेरी आली तेव्हा आंबे पाडाला आले होते. धनू अंगणात बसून माती चिवडत होता. तिनं तुला विचारलं, माझ्यादेखत, "माय, आत्याच्या घरचं मीठ मले देशीन का? तिकडे लोक म्हनतात, हेही असंच होईन."

तू म्हणालीस, "मी कशी देऊ, बाई? मीच रोकून राहिली सगळ्यांले."

संध्याकाळी मी तुला बोललो. जे बोललो ते इथं लिहिणार नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, म्हणून मला वाटलं तुझं काळीज दगडाचं आहे. पोरगी चार दिवस राहून गेली, जाताना तुझ्या पायाही पडली नाही.

त्याच उन्हाळ्यात तू मला लोणच्याची बरणी दिलीस. म्हणालीस, "पोरीले डोहाळे लागले आहेत, आंबट मागते. नेऊन द्या." मी म्हटलं, "पोरीले मीठ पाह्यजे होतं, तू लोणचं दे. वा." तरी बंडी जुंपली आणि बरणी मांडीवर धरून नेली, कारण रस्त्यानं गचके फार. वाटभर तुला शिव्या देत गेलो. बैलांनी ऐकल्या असतील.

शेवंताला पोरगी झाली, मैना. तिला ऐकू येतं. ऐकू येतं म्हणजे काय, घरातलं पानही हललं तर विचारते, काय वाजलं. वर्षाची व्हायच्या आत बोलायला लागली आणि तेव्हापासून थांबली नाही. सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं. मीही घेतलं. तू म्हणालीस, "बरं झालं, बाई," आणि सूप घेऊन पाखडायला बसलीस. आता आठवतं, तू फार वेळ पाखडत होतीस. सुपात खडे उरले नव्हते तरी.

हे सगळं मला ठाऊक नव्हतं, भागरथा. तुला तिरडीवर ठेवलं, दोऱ्या बांधल्या, चौघे खांदे लावायला वाकले, तेव्हा रखमा पुढे आली आणि म्हणाली, "थांबा जी. वयनीच्या डोक्यावर माहं मीठ आहे."

सगळे थांबले. मिठाची पाटलीण, आणि तिच्या डोक्यावर टोलीचं मीठ.

रखमानं तुझ्या कपाळाला हात लावला. "मोठा कटोरा होता, शेवंताच्या लोनच्याचा. मी सोडलं, वयनी. मोकळी होऊन जा."

मी म्हटलं, "कोनतं लोनचं?"

"तूच त नेलं, दादा. बंडीत."

शेवंता भिंतीला धरून उभी होती, मैना तिच्या कडेवर. ती रडत रडत म्हणाली, "माय येन्याजान्यासंगं सांगून पाठवे बाबा, रोज एक फोड खाजो, कोनाले देऊ नोको. मले वाटे उगाच लाड करते." आणि मैना मधेच म्हणाली, "माय, आजीले काऊन बांधलं?"

रखमा सांगत होती की तू दुपारी, टोलीतले सगळे रानात गेले असताना आलीस. पदराखाली कटोरा. दारात बसलीस. मग म्हणालीस, "रखमा, मी आज खोटी झाली." रखमानं कटोरा भरून दिला आणि म्हणाली, परत नको देऊ. तू म्हणालीस, "आता परत आनलं त आमचं मीठ तुह्या गाडग्यात जाईन. माप सरलं का आनून देईन, शीग लावून." बस. पुन्हा आली नाहीस.

मी उभा राहून ऐकत होतो. अख्खा कटोरा पदराखाली घेऊन तू पाळीवरून आलीस, आपल्या चुलीपाशी बसून फोडींना मीठ चोळलंस, आणि त्यातली चिमूटही आपल्या भाजीत टाकली नाहीस. मला विचारायचं आहे की का नाही टाकलीस. लेकीसाठी खोटी झालीस तर स्वतःसाठी व्हायला काय जात होतं? खोटी एकदाच होता येते काय? आणि मला काऊन नाही सांगितलंस? त्याचं उत्तर मला ठाऊक आहे म्हणून जास्त झोंबतं. तू सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, मोडला ना शब्द? मग आणखी एक आण, तुझ्यासाठी. आणि मी सोडलं नसतं तुला. मला पुरतं ओळखून होतीस. बरणी माझ्या मांडीवर दिलीस, माझ्याच शिव्या खाल्ल्यास, आणि वर स्वतःला दगडाच्या काळजाची समजू दिलंस.

त्या कटोऱ्यानं मैना बोलती झाली की देवानं केली, कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरही म्हणेल, एका लेकरावरून काही कळत नाही. त्याला सगळ्या टोल्या लागतात.

रखमानं पुन्हा म्हटलं, "सोडलं मी."

मी म्हटलं, "सोडू नोको. घरात मीठ आहे. फेडीन."

कोणीतरी मागून पुटपुटलं, प्रेत दारात आहे आणि हा मिठाचं बोलून राहिला. पुटपुटू दे. तू ऐकत असशील तर तुला समजलं असेल.

तुला नेलं. पाळीखाली, आंब्याजवळ. लाकूड ओलं होतं, वेळ लागला. मी शेवटपर्यंत बसलो. गळा सगळ्यात उशिरा जळेल असं मला उगाच वाटत होतं. तसं काही झालं नाही. येत्या फागुनात जीप येईल, चष्मेवाला फीत घेऊन उतरेल आणि विचारेल, बाई कुठं आहेत. मी त्याला आंब्याजवळ नेणार आहे. घे म्हणावं माप.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेवंता पोरांना घेऊन झोपली होती. मी फळीवरचा मोठा कटोरा काढला, गाडग्यातलं आपलं मीठ भरलं, शीग लावली, वर आणखी चिमूट टाकली. हातावर घेऊन पाळीवरून टोलीत गेलो, उजेडात, झाकलं नाही. पाळीवर देवाजी भेटला. म्हणाला, "गावचं मीठ टोलीत? पाटलीण काय म्हनन?"

"पाटलीनचंच आहे," मी म्हटलं.

सुतकातल्या घरचं मीठ कोणी घेत नाही. रखमानं घेतलं. पण आपल्या गाडग्यात ओतलं नाही. एक कोरं गाडगं काढलं, त्यात ओतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि उतरंडीवर ठेवून दिलं. म्हणाली, "माप होईतोवर असंच राहू दे. वयनीनं असंच केलं असतं." मग भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून तिनं आपल्या मिठाची चिमूट माझ्या कटोऱ्यात टाकली.

टोलीचं मीठ. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडलो ते कटोऱ्याच्या तळाला पडलं होतं. पाळीवर मध्यावर थांबलो. बोट ओलं केलं, लावलं आणि जिभेवर ठेवलं.

खारट लागलं. आपलं लागतं तसंच. काहीच फरक नाही.

खाली उतरून कटोरा तलावात धुतला आणि घरी आणून तुझ्या गाडग्यावर पालथा ठेवला.